पीठाची गिरणी, पंचेचाळीस हजार फक्त

मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या एकाचा फेअरवेल होता म्हणून आम्ही सगळे लोअर परळच्या एका हॉटेलात गेलो, हॉटेल म्हणजे ते आपलं कॅफे-कम-बार-कम-कायतरी, जुन्या गिरणीच्या कंपाउंडमधलं, जिथे छताचे लोखंडी गर्डर मुद्दाम तसेच ठेवतात आणि भिंतीचं प्लास्टर मुद्दाम खरवडून विटा दाखवतात. नाव नाही सांगत. तर मी बसले त्याच्या बरोब्बर समोर, खास पिवळा स्पॉटलाइट वगैरे टाकून, एक जुनी पत्र्याची पाटी लावलेली. निळी जमीन, पांढरी अक्षरं, अक्षरांना लाल शेड. "पीठाची गिरणी. येथे गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी व मसाला दळून मिळेल." खालचा कोपरा गंजून गेलेला. आणि बाजूला म्युझियममध्ये असतं तसं छोटं कार्ड, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं की कलाकार अज्ञात, मुंबई, पत्र्यावर इनॅमल.

मला आधी हसूच आलं, कारण कापडाच्या गिरणीत पिठाच्या गिरणीची पाटी लावली होती हो! इंटिरियरवाल्याने चोर बाजारात कुठेतरी 'गिरणी' एवढंच वाचलं असणार आणि त्याला वाटलं असणार, वा, मिल हेरिटेज. माझे आजोबा इथून दोन गल्ल्या सोडून साच्यावर, म्हणजे मागावर होते, ८२ चा संप लागेपर्यंत, त्यांनी हे बघितलं असतं तर काय म्हणाले असते ते मी इथे लिहू शकत नाही.

वेटरला सहज विचारलं, ही पाटी विकायला आहे का. तो आत जाऊन विचारून आला. पंचेचाळीस हजार. जीएसटी वेगळा.

मी फोटो काढून घेतला. कारण माझे बाबा पेंटर.

आता पेंटर म्हटलं की आपल्याकडे दोन प्रकारचे लोक डोळ्यासमोर येतात, एक भिंतीला डिस्टेंपर मारणारा आणि दुसरा बोर्ड लिहिणारा. चित्र काढणारा येत नाही, त्याला आपण चित्रकार म्हणतो किंवा मग एकदम आर्टिस्ट. बाबा दुसऱ्या प्रकारातले. लालबागला चाळीखालच्या एका टपरीवजा जागेत त्यांचं दुकान होतं, आडनाव आणि पुढे 'आर्ट्स'. मुंबईतल्या झाडून सगळ्या बोर्ड पेंटरांच्या दुकानाचं नाव असंच, अमुक आर्ट्स, तमुक आर्ट्स. म्हणजे पाटीवर कला होतीच, फक्त ती पाटी वाचून कोणी आत येऊन "हे चित्र केवढ्याला?" असं विचारलं नाही. यायचे ते "मुतारीवर बाण काढून पायजे" म्हणून.

खानावळी, पतपेढ्या, डॉक्टरांचे बोर्ड, कामगार युनियनचे फलक, मंडळांच्या कमानी, टेम्पोच्या मागचं 'आईचा आशीर्वाद', हे सगळं बाबांनी केलंय. गणपतीच्या सीझनला दुकान अर्धवट बंद ठेवून रात्री कारखान्यात डोळ्यांची आखणी करायला जायचे. कारण ज्याचा हात लेटरिंगला बसलाय त्याची आखणी थरथरत नाही म्हणे. मूर्तीचं सगळं रंगकाम झालं की शेवटी डोळे, आणि एकदा का ब्रश टेकला की तो एका दमात फिरला पाहिजे, मध्ये उचलायचा नाही. मी लहान असताना एकदा बघायला गेले होते, मला म्हणाले बोलायचं नाही, श्वासही जोरात घ्यायचा नाही. मग तीन तास मी शाडूच्या ढिगावर बसून राहिले आणि तिथेच झोपले.

तर त्या रात्री घरी येऊन मी बाबांना फोटो दाखवला. बाबा आता ७३ वर्षांचे आहेत, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, फोन नाकाला लावून झूम करून करून बघितला. मग म्हणाले, "ही आपल्या बाजूची नाही. गिरगाव-ठाकुरद्वारकडचा हात आहे." मी म्हटलं कशावरून? "ळ बघ गो. पोट कसं फुगवलंय. आमच्याकडे असा ळ कोण काढायचं नाही." मग जरा वेळाने, "शेड चांगली मारलीय. पण पीठाची दीर्घ लिहिलंय. पीठ दीर्घ, पिठाची ऱ्हस्व. आणि दळूनच्या पुढे जागा सोडायला पायजे होती, मिळेल चिकटलंय." आणि मग एकदम शेवटी, "केवढ्याला म्हणालीस?"

सांगितल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेवढ्यात करी रोडच्या पुलापर्यंतचे सगळे बोर्ड झाले असते. स्पेलिंग तपासून."

तेव्हापासून हे डोक्यात बसलंय, जातच नाहीये. पाटी तीच, पत्रा तोच, ळ तोच. गिरणीवर होती तेव्हा ते काम होतं आणि कॅफेत आली तेव्हा कला झाली, मग नक्की मधल्या कुठल्या मिनिटाला झाली? चोर बाजारातून टेम्पोत चढवताना?

आपल्या भाषेत खरं तर हा घोळ नव्हताच. आपण म्हणतो कलाकुसर. एका दमात, एक शब्द, मध्ये जागासुद्धा नाही. वात्स्यायनाने ज्या चौसष्ट कला मोजल्यात त्या एकदा नुसत्या वाचून बघा, मज्जा आहे, त्यात गाणं आहे, नाच आहे, चित्र आहे आणि त्याच रांगेत शिवणकाम आहे, सुतारकाम आहे, घर बांधणं आहे, स्वयंपाक आहे, हार गुंफणं आहे, आणि पोपट-मैनेला बोलायला शिकवणंसुद्धा आहे. एकाला वर आणि दुसऱ्याला खाली बसवलेलं नाही. आपली आई पुरणपोळी लाटते तेव्हा ती चौसष्टमधल्या एका खात्यात बसते, फक्त तिला कोणी सांगत नाही.

पण हेही खरं की शब्दांचं गोड गोड ऐकून गावातली गोष्ट कळत नाही. यादीत सुतार आणि गवई शेजारी बसले तरी पंगतीत बसत होते का? आपल्याकडे रेघ कला आणि कारागिरी अशी नव्हती, ती सरळ जातीची होती. हाताने काम करणारा म्हणजे बलुतेदार, त्याला पिकाच्या वेळी त्याचा वाटा, आणि काम चांगलं केलं तर चार घरी कौतुक आणि वाईट केलं तर शिव्या, नाव मात्र सुतार, लोहार, सोनार, कुंभार हेच, कामच आडनाव. शब्दांनीसुद्धा काय केलंय बघा. कसब म्हणजे हातातली कला, कसबी म्हणजे ती असलेला माणूस, आणि कसबीण म्हटलं की? कलावंत म्हणजे मानाचा, आणि कलावंतीण? कला काय आणि कसब काय, बाईकडे गेलं की दोन्ही शब्दांची एकच वाट लावली आपण. ह्या बाबतीत मात्र कुठलाही भेदभाव नाही!

आणि तरी संतांकडे बघितलं तर वेगळंच काहीतरी दिसतं. गोरोबाकाका संतांच्या मेळ्यात थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर हाणत कुठलं मडकं कच्चं ते तपासतात आणि नामदेव कच्चा निघतो. म्हणजे अध्यात्माची परीक्षा घ्यायला कुंभाराची क्वालिटी कंट्रोलची पद्धत! नरहरी सोनार विठ्ठलाचा करदोडा करतो आणि तो दरवेळी मापात चुकतो, एकदा मोठा, एकदा छोटा, शेवटी स्वतः जाऊन डोळे बांधून माप घ्यावं लागतं. मला ही गोष्ट भयंकर आवडते, कारण त्यात देव भेटतो तो फिटिंगच्या भानगडीत भेटतो.

ही रेघ जी आहे ना, फाईन आर्ट इकडे आणि क्राफ्ट तिकडे, ती युरोपातूनसुद्धा काय फार पूर्वीपासून आलेली नाही. फ्लॉरेन्समध्ये चित्रकारांचा स्वतःचा वेगळा संघ पण नव्हता, ते डॉक्टर आणि औषधविक्यांच्या संघात असायचे, कारण रंगाची पूड त्याच दुकानात मिळायची. लिओनार्दो व्हेरोक्योच्या कारखान्यात उमेदवारी करत होता, जसे बाबा परळच्या एका पेंटरकडे डबे धुवायचे तसाच. मास्टरपीस हा शब्दसुद्धा मुळात उमेदवारी संपल्यावर परीक्षेला करून दाखवायचा नग. आणि गंमत म्हणजे पोर्तुगीज मेश्त्रे, ज्याच्यावरून आपला मेस्त्री आला, तो आणि मास्टर एकाच घरातले. त्यामुळे सोसायटीत प्लंबिंगला येणाऱ्या मेस्त्रीने केलेलं काम हाच खरा मास्टरपीस म्हणायला हवा, पण आमच्याकडचा नळ बघता नको म्हणायला.

मग हळूहळू अकादम्या आल्या. पॅरिसला १६४८, लंडनला १७६८. लंडनच्या रॉयल अकादमीने तर सुरुवातीलाच ठराव करून टाकला की सुईकाम, खोटी फुलं, कापलेला कागद, शिंपल्यांचं काम असलं काही प्रदर्शनात घ्यायचं नाही. आता हे सगळं काम घराघरात कोण करत होतं ते वेगळं सांगायला नको.

जपान्यांना तर कला ह्या अर्थाचा शब्दच बनवावा लागला, १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनाला माल पाठवायचा होता आणि तिकडच्या फॉर्मवर जो रकाना होता त्याला जपानीत प्रतिशब्द नव्हता! त्यातून बिजुत्सु हा शब्द आला. म्हणजे रकाना आधी आला आणि मग कला. सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही हे पटेल.

मुंबईत ही रेघ ओढायला आले ते इंग्रज, आणि ओढताना त्यांचा स्वतःचाच गोंधळ होता. जेजे स्कूल ऑफ आर्ट १८५७ ला सुरू झालं, सर जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीतून, आणि मूळ हेतू होता इथल्या कारागिरांचे हात अजून तयार करायचे, काय पिकासो घडवायचे नव्हते. (पिकासो तेव्हा जन्मलाच नव्हता म्हणा.) लॉकवुड किपलिंग इथे १८६५ ला आला शिकवायला, क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं त्याची. व्हीटीच्या इमारतीवरचे ते मोर, माकडं, पानंफुलं, जाळ्या, त्यातलं बरंचसं काम जेजेच्या विद्यार्थ्यांचं. आर्किटेक्ट स्टीव्हन्सचं नाव गाईडसुद्धा सांगतो. त्या पोरांची नावं विचारून बघा.

नंतर काय झालं की त्याच जेजेत १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग निघाला आणि १९५८ ला ते अप्लाइड आर्टचं कॉलेज म्हणून वेगळं झालं. एकाच कंपाउंडमध्ये. इकडे चित्र काढणारे आणि तिकडे जाहिरात करणारे, मध्ये झाडं आणि कॅन्टीन. आता २०२३ ला पुन्हा सगळं मिळून एक विद्यापीठ केलंय. म्हणजे कला आणि काम ह्यातली रेघ कुठे आहे असं कोणी विचारलं तर निदान मुंबईत ती डी. एन. रोडवर होती, चालत ओलांडता येत होती.

बाबांना नाही ओलांडता आली. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा पास, इंटरमिजिएटला बी ग्रेड, ते सर्टिफिकेट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. १९६९ ला जेजेचा फॉर्म आणायला गेले, गेटच्या आत गेले, झाडाखाली बसलेली मुलं मुली बघितली आणि तसेच परत आले. फॉर्म का नाही घेतला, हे मी पन्नास वेळा विचारलंय, दरवेळी वेगळं उत्तर. एकदा म्हणाले फी, एकदा म्हणाले इंग्रजी, एकदा म्हणाले चपला.

गंमत म्हणजे आपल्या मराठी माणसांनी ही रेघ सारखी पुसलीय, एकदा नाही. विनायकराव करमरकर घ्या, अलिबागजवळ सासवण्याचे, घरात गणपती करायचे, आणि ह्या पोराने देवळाच्या भिंतीवर घोड्यावरचे शिवाजी महाराज काढले ते कलेक्टर ऑटो रॉथफील्डच्या नजरेस पडले आणि त्याने मुलाला उचलून जेजेत पाठवलं. पुण्याचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा त्यांचा. आता शाडूच्या गणपतीपासून ब्राँझच्या घोड्यापर्यंत कुठे क्राफ्ट संपलं? हाताला तरी कळलं असेल का? किंवा कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. मिस्त्री घराणं, सुतारकाम लोहारकाम घरचं, नाटकांचे पडदे रंगवले, मग सिनेमाचं वेड लागलं तर कॅमेराच घरी बनवला, १९२० ला पहिला सिनेमा काढला, त्याची पोस्टरं पण स्वतःच रंगवली. आणि आडनाव काय लावलं? पेंटर. चित्रकार नाही, दिग्दर्शक नाही. माझे बाबा ह्यांचं नाव घेताना अजून कानाला हात लावतात.

आणि एम. एफ. हुसेन तर काय सगळ्यांना माहीतच आहे, मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचे. पेंटर लोकांमध्ये हे असं सांगितलं जायचं जसं काय चाळीतला कोणीतरी दुबईला गेला, "आपल्यातलाच होता". पण मग उरलेले जे शेकडो होर्डिंगवाले बांबूच्या परांचीवर चढून दहा फुटी डोळे रंगवत होते त्यांचं काय? ते कमी होते का हाताने? बाबांच्या मते काही काही तर जास्तच होते. मला माहीत नाही, मी हुसेन काढून टाकून त्यांना वर बसवत नाहीये, चित्र म्हणजे नुसता हात नसतो, हेही कळतं. फक्त एवढंच की होर्डिंग पुढच्या शुक्रवारी पुसायचं असतं.

इथे माझी एक थिअरी आहे, ऑफिसात लंचला सांगितली तर सगळे माना डोलावून भाजी वाढून घ्यायला लागले, म्हणून इथे लिहिते. वस्तूचं काम सुटलं की ती कला होते. पिठाची गिरणी चालू होती तोपर्यंत पाटी होती, गिरणी बंद पडली, तिथे मोबाईलचं दुकान आलं, पाटी बेकार झाली, मग ती कला. अमेरिकेत १९२६ ला ब्रान्कुशीचं पक्ष्याचं शिल्प बोटीने न्यूयॉर्कला आलं, चकचकीत ब्राँझचं, उभं, लांबट, पक्षी कुठे दिसतच नाही, तर कस्टमवाल्यांनी ते स्वयंपाकघरातली भांडी आणि हॉस्पिटलचं सामान ह्या खात्यात घातलं आणि ४० टक्के ड्युटी लावली. कला असती तर ड्युटी माफ. केस झाली, मोठमोठे लोक साक्षीला आले आणि १९२८ ला कोर्टाने सांगितलं की नाही, ही कला आहे. मला ह्या केसमध्ये तो कस्टमवाला जास्त आवडतो. त्याने प्रामाणिकपणे विचार केला असणार की बाबा रे हे कशाला वापरतात? आणि वापर सापडला नाही तरी त्याने भांड्यात टाकलं, कारण वापर नसलेली वस्तू बोटीने एवढ्या लांब कोण कशाला आणेल.

वारलीचं पण तसंच. डहाणू-तलासरीकडे लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहायच्या, हो, काढायच्या नाही, लिहायच्या, आमच्या बाबांसारखंच, तेही बोर्ड लिहितात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणते, लग्न लागतं, नंतर पावसाळ्यात भिंत सारवली की चौक गेला. त्याचं काम होतं आणि ते झालं. मग सत्तरच्या दशकात कागद आला, जिव्या सोमा मशेंनी कागदावर काढलं, आणि काय काढलं! नुसत्या जाळ्याचं, मुंग्यांचं, पावसाचं चित्र बघत बसावं. २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेले. मशे मोठेच, त्यांच्याबद्दल प्रश्नच नाही. पण हे विसरता येत नाही की बायका भिंतीवर लिहीत होत्या तोवर ती रीत होती, आणि पुरुषाने कागदावर काढल्यावर ती कला झाली आणि आता ती उशीच्या अभ्र्यावर, बेडशीटवर आणि आमच्या ऑफिसच्या लिफ्टबाहेर पण आहे.

किंवा गोधडी. माझ्या आजीच्या चार नऊवारींची एक गोधडी आहे आमच्याकडे, धावदोऱ्याने शिवलेली, इतके बारीक टाके की मोजत बसलात तर झोप लागेल, म्हणजे दोन्ही बाजूंनी कामाची वस्तू. अमेरिकेत अलाबामात जीज बेंड म्हणून एक गाव आहे तिथल्या काळ्या बायकांनी अशाच जुन्या कपड्यांच्या, शेतावरच्या पँटींच्या गोधड्या शिवल्या थंडीसाठी, आणि २००२ ला त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या आणि बघायला लोटले लोक. पांघरायची होती तोवर गोधडी. भिंतीवर गेली की कला. माझी थिअरी बसतेय ना?

नाही बसत. थिअरी सांगितल्यावर बाबांनी दोन मिनिटांत पंक्चर केली. "मग गणपती?"

गणपतीचं काय करणार. दीड दिवसात काम संपतं त्याचं, उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या, देव गेला, उरली ती नुसती मूर्ती, बिनकामाची. माझ्या हिशोबाने त्या क्षणी ती कला व्हायला हवी, काचेत जायला हवी. आपण काय करतो? पाण्यात सोडतो. एवढ्या आखणीच्या डोळ्यांसकट. बाबा आयुष्यभर जे सगळ्यात चांगलं काम करत आले ते दरवर्षी गिरगाव चौपाटीला जातं आणि त्यांना त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. मी विचारलं, वाईट नाही वाटत? तर म्हणाले, "वाईट कसलं? काम झालं ना."

आणि जपानमध्ये एक वाडगा आहे, किझाएमोन नावाचा, कोरियातल्या कुठल्यातरी कुंभाराने गोरगरिबांना जेवायला म्हणून थापलेला, ओबडधोबड, ग्लेझला चिरा गेलेल्या. तो जपानी चहावाल्यांनी उचलला आणि आज तो तिकडे राष्ट्रीय ठेवा आहे, क्योतोच्या एका देवळात जपून ठेवलाय. म्हणजे भाताचा वाडगा चहाला लागला, चहाचा म्हणून थोर झाला, काम सुटलं नाही, काम वाढलं उलट. त्याच जपानने १९५० मध्ये कायदा करून ठेवलाय की नुसती वस्तू नाही, ती करणारा हातसुद्धा देशाचा ठेवा. विणकर, कुंभार, कागद करणारे, तलवार करणारे. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२५ ला प्राडाने मिलानच्या रॅम्पवर तश्शाच चपला चालवल्या, नुसतं लेदर सँडल म्हणून, तेव्हा कुठे आपण सगळे फेसबुकवर कारागिरांचे नातेवाईक झालो. त्याच्या आदल्या आठवड्यात मी स्वतः दादरला चपलेवर पन्नास रुपये कमी करून मागत होते. खोटं कशाला बोला.

खरं तर रेघ कुठे आहे ते घासाघीस केली की कळतं. गॅलरीत आपण किंमत विचारतो, "अच्छा" म्हणतो आणि मान हलवत पुढे जातो. बोर्डवाल्याकडे आपण अक्षरावर भाव करतो. बाबांचा रेट अक्षराला होता, आणि गिऱ्हाईक मोजायचे, "वेलांटीचे वेगळे लावता का?" जोडाक्षराला दोन धरायचे की एक ह्यावर एका वकिलाने बाबांशी अर्धा तास वाद घातला होता, 'ॲडव्होकेट' लिहायचं होतं. गिऱ्हाइकाने कागदाच्या चिटोऱ्यावर जसं लिहून दिलं तसंच लिहायचं हा धंद्याचा नियम, त्यामुळे पीठाची कदाचित पेंटरची चूक नसेलही, पण बाबांना हे मान्य नाही, त्यांच्या मते सांगायचं आपलं काम, मग ऐकलं नाही तर त्याचं नशीब.

फ्लेक्स आला तेव्हा घासाघीसही संपली. फ्लेक्सला भाव स्क्वेअर फुटावर. अक्षरं कितीही घाला. बाबांनी दुकान २००६ ला बंद केलं. शटर ओढताना काय रडले-बिडले नाहीत, ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कपाटावर टाकले. कमल शेडग्यांनी केलेली नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं कापून चिकटवलेल्या वह्या मात्र खाली ठेवल्या, हाताशी. अजून कधी कधी काढून बघतात, बोटाने हवेत वळण गिरवतात. शेडगे २०२० ला गेले तेव्हा लॉकडाऊन होता, बाबा गॅलरीत खुर्ची टाकून ती वही घेऊन बसले होते दुपारभर. पेपरातली नाटकाची जाहिरात, दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणारी. तिला कोणी आर्ट म्हटलं काय किंवा नाही काय, परळच्या एका माणसाने ती तीस वर्षं डिंक लावून जपलीय.

बाबांना स्वतःला कलाकार म्हटलेलं आवडत नाही, हे मला अलीकडे कळलं. माझ्या एका मैत्रिणीने कौतुकाने म्हटलं, काका तुम्ही खरे आर्टिस्ट, तर हसले आणि ती गेल्यावर मला म्हणाले, "आर्टिस्टला चुकलं तरी चालतं. ती त्याची स्टाईल असते." त्यात टोमणा होता पण नुसता टोमणा नव्हता.

गेल्या रविवारी त्यांनी पुन्हा फोटो मागितला त्या पाटीचा. पुन्हा झूम. मग म्हणाले, ते हॉटेल रविवारी उघडं असतं का? मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, कपाटावरचा दोन नंबरचा ब्रश अजून चांगला आहे, निळा आणि पांढरा छोटा डबा आणतो, ती वेलांटी ऱ्हस्व करून देतो, दहा मिनिटांचं काम आहे, पैसे नकोत.

मी म्हटलं, बाबा, तुम्ही हात लावलात तर पोलीस बोलावतील. ती पंचेचाळीस हजारांची आहे. ती आता कला आहे, तिला हात लावायचा नसतो.

बाबांनी चष्मा काढला, फोन माझ्या हातात परत दिला. "म्हणजे चूक तशीच ठेवायची?"